विजेशिवाय जळणारा अडॅप्टरचा दिवा: बॅकअपमधला उलटा प्रवाह कसा अडवायचा?

दिवाबत्ती
राउटरसाठी बॅकअप जोडलाय. माल असा: १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि बॅटरीवर कायम लावून ठेवलेला वेगळा छोटा चार्जर (१३.६ व्होल्ट, अर्धा अँपिअर). अडॅप्टर थेट राउटरला जातो. बॅटरीची धन तार १एन५८२२ या एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या डायोडमधून त्याच लाइनीवर. ऋण तारा सगळ्या एकत्र.

वीज गेली की राउटर चालूच राहतो, हूं की चूं नाही. पण अडॅप्टर भिंतीतून उपटून हातात घेतला तरी त्याचा हिरवा दिवा पेटलेलाच! म्हणजे बॅटरीचा करंट उलटा अडॅप्टरमध्ये शिरतोय, एवढं कळलं. दुसरी गोष्ट, राउटर मोजून ०.६ अँपिअर घेतो. त्या हिशेबाने बॅटरी दहाएक तास जायला हवी, ती निम्म्यातच मान टाकते. उलट्या प्रवाहानेच खाल्ली का ती? अडॅप्टरच्या बाजूलाही डायोड टाकला की काम भागेल?

फ्युजउडाला
टाका की डायोड. दोन शॉट्की (तुमच्या १एन५८२२ च्याच जातीचे डायोड), दोघांचे कॅथोड म्हणजे करंट बाहेर पडायची टोकं एकत्र, तिथून राउटर. धागा बंद करा.

ओहमकार
इतक्यात नको बंद करायला. दिवाबत्ती, दोन आकडे द्या.
१. अडॅप्टर भिंतीतून काढलेला असताना त्याच्या धन तारेत मीटर ओळीत लावून किती मिलिअँपिअर उलटे जातात?
२. वीज चालू असताना, चार्जरही चालू असताना, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज किती?

दिवाबत्ती
उलटे २४ मिलिअँपिअर.
बॅटरीवर १२.४५ व्होल्ट. हे मला विचित्र वाटतंय, कारण चार्जर एकटा मोजला तर १३.६ देतो.

ओहमकार
अपेक्षेप्रमाणेच. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दिव्यामुळे लक्ष धाकट्याकडे गेलं.

आधी दिवा. अडॅप्टरच्या आत ट्रान्सफॉर्मरनंतर रेक्टिफायर डायोड असतो, त्यामुळे बाहेरचा करंट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचत नाही. पण त्या डायोडच्या अलीकडे, म्हणजे आउटपुटवर, बरीच मंडळी बसलेली असतात: कपॅसिटर, त्यांना रिकामं करणारा रेझिस्टर, दिवा, आणि आउटपुट किती आहे ते पाहून प्रायमरीला, म्हणजे मेनच्या बाजूला, कळवणारी टीएल४३१ आणि ऑप्टोकपलरची जोडी. बाहेरून १२ च्या जरा वर व्होल्टेज आलं की टीएल४३१ ला वाटतं आउटपुट वाढलंय, आणि ती ऑप्टोकपलरमधून जास्तीत जास्त करंट ओढते. या सगळ्यांची बेरीज वीस-पंचवीस मिलिअँपिअर सहज होते. पण ६०० च्या राउटरपुढे २४ म्हणजे ४ टक्के. तेवढ्याने बॅटरी निम्म्यात संपत नाही.

(अडॅप्टरमध्ये रेक्टिफायरच्या जागी सिंक्रोनस मॉस्फेट, म्हणजे डायोडचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असेल तर मात्र उलट्या व्होल्टेजला तो कसा वागेल ते त्याच्या कंट्रोलरवर अवलंबून. तिथे २४ वर भागेलच असं नाही.)

आता खरं दुखणं. डायोड जोडून दोन स्रोत एकत्र केले की ज्याचं व्होल्टेज जास्त तो लोड (इथे राउटर) ओढतो. मुख्य कोण आणि राखीव कोण हे डायोडला कळत नाही. तुमचा अडॅप्टर १२ चा. बॅटरी पूर्ण भरली तर १३.६, त्यातून डायोडवर पडणारे (ड्रॉप) ०.४ वजा, म्हणजे १३.२. तेव्हा वीज चालू असतानाही राउटर बॅटरीवरच चालतो! चार्जर देणार ०.५, राउटर खाणार ०.६, त्यामुळे बॅटरी हळूहळू उतरते. उतरत उतरत १२.४ च्या आसपास आली की डायोडनंतर १२ उरतात, मग अडॅप्टर उरलेला वाटा उचलतो आणि गाडी तिथे थांबते. म्हणजे बॅटरी कायम अर्धीमुर्धी भरलेली. अडॅप्टरच्या बाजूला दुसरा डायोड टाकलात तर दिवा विझेल, पण अडॅप्टरची बाजू आणखी ०.४ ने खाली जाईल आणि बॅटरी याहूनही उतरेल.

दिवाबत्ती
__/\__ बॅटरीच्या तारेत मीटर लावून बघितलं. वीज चालू असताना डायोडमधून जवळजवळ अर्धा अँपिअर राउटरकडे जातोय. अडॅप्टर नुसता शोभेला.

मग डायोडऐवजी काय?

फ्युजउडाला
डायोडचा जमाना गेला हो. पी-चॅनल मॉस्फेट घ्या. ड्रेन आणि सोर्स ही त्याची करंट वाहणारी टोकं, गेट चालू-बंद करणारं. ड्रेन बॅटरीला, सोर्स लोडला, गेट सरळ ग्राउंडला. ड्रॉप अगदी नगण्य. मी वापरतो, मस्त चालतं.

ओहमकार
हे सर्किट बॅटरी उलटी जोडली गेली तर वाचवण्यासाठीचं आहे. उलटा प्रवाह ही निराळी भानगड. दोन्हीत 'उलटं' आहे म्हणून कितीतरी जण सरमिसळ करतात.

गेट कायम ग्राउंडला असेल तर बॅटरी सुलट असेपर्यंत मॉस्फेट कायम चालू, आणि चालू झालेल्या मॉस्फेटचा चॅनल दोन्ही दिशांनी सारखाच वाहतो. लोडच्या बाजूला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज आलं तर करंट खुशाल बॅटरीत घुसेल, कुठलीही मर्यादा न पाळता. लिथियम सेल असेल तर हे जिवावरचं आहे.

फ्युजउडाला
बरं मग गेट ग्राउंडला नको, अडॅप्टरच्या धन तारेला द्या आणि तिथून १०० के (किलोओहम) रेझिस्टरने ग्राउंडला ओढा. अडॅप्टर आहे तोवर गेट वर, मॉस्फेट बंद. अडॅप्टर गेला की गेट खाली, मॉस्फेट चालू. अडॅप्टर आणि लोडमध्ये एक शॉट्की. माझ्या बोर्डावर हेच आहे, बॅटरीला वीज असताना हात लागत नाही.

ओहमकार
तुमचा बोर्ड ५ व्होल्टचा आणि बॅटरी एका लिथियम सेलची, बरोबर?

फ्युजउडाला
हो. मग?

ओहमकार
मग तिथे ते उत्तमच आहे, चार्जिंगसोबत लोड चालवायला हीच जोडणी सर्रास वापरतात. पण ती का चालते ते बघा. पी-चॅनलच्या पोटात एक बॉडी डायोड असतो, ड्रेनकडून सोर्सकडे वाहणारा. मॉस्फेट बंद केला तरी हा डायोड जागाच असतो. तुमच्या बोर्डावर शॉट्कीनंतर लोडवर ४.६-४.७ व्होल्ट, सेल जास्तीत जास्त ४.२. म्हणून बॉडी डायोड उलट्या बाजूने दाबलेला राहतो आणि गप्प बसतो.

दिवाबत्तींच्या बाबतीत लोडवर ११.६ आणि बॅटरी १३.६. दोन व्होल्टचा फरक. गेट कितीही वर ठेवा, बॉडी डायोडमधून बॅटरी वाहतच राहणार, आणि तोही ०.७ व्होल्ट गरम करत.

मुख्य स्रोत राखीवपेक्षा उंच असेल तर एक मॉस्फेट पुरतो. राखीव उंच असेल तर दोन लागतात, पाठीला पाठ लावून.

वाचनमात्र
एरवी इथे वाचनमात्र असतो, पण मध्येच विचारतो. बाजारात 'आयडियल डायोड' नावाच्या चिप मिळतात, त्यांनी हे सुटत नाही का?

मुक्तइलेक्ट्रॉन
डायोडच्या ड्रॉपचा प्रश्न सुटतो, प्राधान्याचा नाही. एलटीसी४४१२ बघा: २.५ ते २८ व्होल्ट, बाहेर एक पी-चॅनल मॉस्फेट, आणि ती त्यावरचा ड्रॉप २० मिलिव्होल्टच्या आसपास धरून ठेवते. लोडची बाजू वर गेली की मॉस्फेट बंद. फार गोड चिप. पण शेवटी तो डायोडच, जास्त व्होल्टेजवाला जिंकणार. ५ व्होल्टच्या आतल्या कामाला एलएम६६१००, १.५ ते ५.५ व्होल्ट, १.५ अँपिअर, मॉस्फेट आतच. तिची सीई पिन आउटपुटला बांधली की आउटपुट इनपुटच्या वर जाताच बंद होते. १२ व्होल्टला अर्थात ती चालणार नाही.

कंदील
एवढ्या चिपा कशाला? रिले लावा. एक चेंजओव्हर रिले, एका बाजूला अडॅप्टर, एका बाजूला बॅटरी, मधला कॉमन राउटरला. संपर्कच तुटलेला, तर उलटा प्रवाह येणार कुठून? व्होल्टेज कोणाचं जास्त याच्याशी घेणंदेणं नाही.

ओहमकार
मधल्या काळाचं काय? संपर्क एकीकडून सुटून दुसरीकडे टेकेपर्यंत पाच-दहा मिलिसेकंद राउटर उपाशी.

कंदील
कपॅसिटर. ०.६ अँपिअर, १० मिलिसेकंद, २ व्होल्ट पडले तरी चालतील असं धरा: ०.६ गुणिले ०.०१ भागिले २, म्हणजे ३००० मायक्रोफॅरड. ४७०० चा टाका आणि झोपा.

फक्त एक खुबी. रिलेचा कॉइल अडॅप्टरच्या १२ व्होल्टवर लावू नका. १२ व्होल्टचा रिले ओढला जातो ९-१० ला, पण सोडतो फार खाली, कधीकधी २-३ व्होल्टला. वीज गेल्यावर अडॅप्टर हळूहळू मरत असताना रिले त्यालाच चिकटून बसतो, आणि तो सोडेपर्यंत राउटर कधीच बंद पडलेला असतो. मेनवर चालणारा एसी कॉइलचा रिले घ्या. वीज जाताक्षणी तो सुटतो, त्या वेळी अडॅप्टरच्या कपॅसिटरमध्ये अजून जीव असतो.

मुक्तइलेक्ट्रॉन
+१. रिलेला लोक उगाच जुनाट म्हणतात. मात्र मेनचं वायरिंग ज्याला नीट येतं त्यानेच करावं, आणि बंद डब्यात.

फ्युजउडाला
अवांतर: मग जनरेटर घराला जोडताना असाच डायोड नाही का लावता येणार?

कंदील
एसीला डायोड लावून काय करणार, अर्धी लाट कापाल. तिथे चेंजओव्हर स्विचच लागतो, आणि असा की मेन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणं यंत्रणेलाच शक्य नसावं. 'आधी मेन स्विच पाडतो, मग जनरेटर लावतो' हा लक्षात ठेवण्याचा खेळ नव्हे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. घरातून गेलेलं व्होल्टेज खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटं चढून हजारो व्होल्ट होतं, आणि तिकडे लाइन बंद आहे असं समजून कोणीतरी तारेला हात घातलेला असतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून सॉकेटमध्ये खुपसणारे लोक पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे की नका.

दिवाबत्ती
मेनला हात लावायचा नाही असं घरून बजावलंय, त्यामुळे रिले बाद. ओहमकार, पाठीला पाठ लावलेले मॉस्फेट जरा सविस्तर सांगाल का?

ओहमकार
सांगतो. चित्र नाही, शब्दांत.

दोन पी-चॅनल मॉस्फेट, आयआरएफ९५४०एन चालतील. दोघांचे सोर्स एकमेकांना जोडा. एकाचा ड्रेन बॅटरीला, दुसऱ्याचा ड्रेन लोडला. आता दोघांचे बॉडी डायोड समोरासमोर तोंड करून आहेत, त्यामुळे बंद असताना कुठल्याच दिशेने वाट नाही. दोघांचे गेट एकत्र, तिथून १०० के चा रेझिस्टर जोडलेल्या सोर्सला. हा त्यांना बंद ठेवतो.

चालू करण्यासाठी एक एनपीएन ट्रान्झिस्टर, त्याला क्यू२ म्हणू. त्याचा कलेक्टर १० के मधून गेटला, एमिटर ग्राउंडला, बेसला बॅटरीकडून १०० के. म्हणजे एरवी क्यू२ चालू, मॉस्फेट चालू, राउटर बॅटरीवर. आता दुसरा एनपीएन, क्यू१: कलेक्टर क्यू२ च्या बेसला, एमिटर ग्राउंडला, बेस अडॅप्टरच्या धन तारेला ९.१ व्होल्टचा झेनर (तेवढ्या व्होल्टनंतरच उलटा वाहणारा डायोड) आणि १० के ओळीत लावून. अडॅप्टर पावणेदहाच्या वर असेल तर क्यू१ चालू होतो, क्यू२ चा बेस ग्राउंडला दाबतो, मॉस्फेट बंद. अडॅप्टर त्याखाली घसरला की बॅटरी आत.

अडॅप्टरकडून लोडकडे तुमचा तोच १एन५८२२. अडॅप्टरची जाणीव घेणारी तार या डायोडच्या अडॅप्टरकडच्या बाजूलाच हवी. लोडच्या बाजूला घेतलीत तर बॅटरी आल्यावर क्यू१ ला वाटेल अडॅप्टर परत आला, तो बॅटरी तोडेल, लोड पडेल, पुन्हा जोडेल, आणि हा खेळ चालू राहील.

०.६ अँपिअरला या दोन मॉस्फेटवर मिळून सुमारे ०.१४ व्होल्ट पडतील, डायोडच्या एक तृतीयांश. लोडवर १००० मायक्रोफॅरड ठेवा. राउटर ९-१० व्होल्टला तग धरतो का ते मात्र आधी बघून घ्या. बहुतेकांच्या आत स्वतःचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) असतो आणि ते धरतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हे.

मुक्तइलेक्ट्रॉन
बकचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. काही जण राखीव बॅटरी बक कन्व्हर्टरच्या आउटपुटला थेट जोडतात. सिंक्रोनस बक असेल आणि तो हलक्या लोडलाही दोन्ही मॉस्फेट सक्तीने फिरवणारा असेल, तर आउटपुट ठरलेल्या व्होल्टेजच्या वर धरल्यावर तो उलटा चालायला लागतो. उलटा चाललेला बक म्हणजे व्होल्टेज चढवणारा बूस्ट! बॅटरीतली ऊर्जा उचलून तो इनपुटमध्ये ढकलतो, आणि इनपुटला ती झेलणारं कोणी नसेल तर तिथलं व्होल्टेज चढत जातं. आमच्याकडे एका बोर्डावर इनपुटचे कपॅसिटर असेच फुगले होते. सगळे इनपुटला सर्ज शोधत बसले, सर्ज येत होता आउटपुटकडून.

साध्या लिनिअर रेग्युलेटरची तऱ्हा निराळी. पी-चॅनल मॉस्फेट असलेल्या एलडीओ जातीच्या रेग्युलेटरमध्ये आउटपुटकडून इनपुटकडे बॉडी डायोड असतो, इनपुट मेलं की राखीव सेल त्यातून मागचं अख्खं सर्किट पोसत बसतो.

दिवाबत्ती
बनवलं! वीज असताना बॅटरीतून राउटरकडे शून्य, चार दिवसांत बॅटरी १३.६ ला पोचली. अडॅप्टर भिंतीतून काढला तर राउटर सुरळीत, दिवा विझलेला.

पण एक भूत आहे. अडॅप्टर भिंतीतून न काढता त्याची जॅकची पिन बोर्डातून उपटली, तर राउटर बंद-चालू, बंद-चालू. आणि त्या रिकाम्या जॅकवर मीटर साडेनऊ व्होल्टच्या आसपास दाखवतो! डायोड फुटला का?

कंदील
डायोड ठीक आहे, गळतोय. शॉट्की गळतोच. फूट व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी थेंबथेंब पाणी खाली जातं तसं. खोलीच्या तापमानाला काही मायक्रोअँपिअर ते काही दहा मायक्रोअँपिअर, आणि ढोबळ हिशेबाने दर १० अंशांमागे दुप्पट. तुमचा मीटर १० मेगओहमचा असेल. त्याला साडेनऊ व्होल्ट दाखवायला एक मायक्रोअँपिअर पुरतो. हे व्होल्टेज खरं आहे पण त्यात दम नाही.

जॅकवर १ के चा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा मोजा.

दिवाबत्ती
१ के लावला तर १८ मिलिव्होल्ट.

कंदील
म्हणजे १८ मायक्रोअँपिअर गळती, डायोड निरोगी. पण क्यू१ ला हे १८ सुद्धा पुरतात. क्यू२ च्या बेसचे १०० के दाबायला त्याला कलेक्टरमध्ये जेमतेम ०.१३ मिलिअँपिअर लागतात, १८ मायक्रोला शंभरपट गेनने तो दीड-पावणेदोन देऊ शकतो. म्हणून अडॅप्टर नसताना तो 'अडॅप्टर आहे' म्हणतो. भिंतीतून काढल्यावर त्रास होत नव्हता, कारण तेव्हा अडॅप्टरच्या पोटातले रेझिस्टर आणि दिवा ही गळती पिऊन टाकत होते. तो १ के जॅकवर कायमचा सोल्डर करा. वीज असताना १२ मिलिअँपिअर खाईल, जेमतेम ०.१५ वॉट, पाव वॉटचा पुरतो.

वाचनमात्र
आणखी एक छोटा प्रश्न, धाग्याला धरूनच आहे. माझ्या डीएस३२३१ घड्याळाच्या मॉड्यूलवर सीआर२०३२ बटणसेल आहे. ५ व्होल्टवर चालवतो. सेलमध्ये उलटा प्रवाह जात असेल का?

ओहमकार
चिपमुळे नाही, ती सेल आणि मुख्य पुरवठा यांच्यात स्वतःच निवड करते. पण त्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर बऱ्याचदा सेल चार्ज करायला एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर मुद्दाम लावलेला असतो, एलआयआर२०३२ नावाच्या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. सीआर२०३२ चार्ज करायची नसते. ५ मधून डायोडचे ०.६ गेले, ४.४ उरले, सेल ३ ची, २०० ओहममधून ७ मिलिअँपिअर तिच्यात घुसतात. सेल फुगते, गळते, कधी फुटतेही. एलआयआरलाही ४.४ जास्तच आहे, तिची मर्यादा ४.२. '२०१' छापलेला रेझिस्टर शोधा आणि काढून टाका. घड्याळ चालत राहील. मॉड्यूल ३.३ वर चालवत असाल तर डायोडनंतर २.७ च उरतात, मग ताज्या सेलमध्ये काही जात नाही.

स्वतः बोर्ड बनवताना चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलच्या तारेत दोन डायोड, किंवा एक डायोड आणि एक रेझिस्टर ठेवतात. एक भाग शॉर्ट झाला तरी दुसरा सेलला वाचवतो.

फ्युजउडाला
डायोड शॉर्ट होतो? मला वाटायचं उडतो.

ओहमकार
सेमीकंडक्टर बहुतेकदा आधी शॉर्टच होतो, उडायचा असेल तर नंतर. आणि अडवणारा डायोड शॉर्ट झाला तर कळतही नाही, कारण सगळं चालूच दिसतं. म्हणून कंदील यांची १ के वाली चाचणी अधूनमधून करावी: अडॅप्टर काढा, बॅटरीवर चालू ठेवा, जॅकवर मोजा. मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. व्होल्ट दिसले तर डायोड बदला.

दिवाबत्ती
बॅटरीला फ्यूज घातलेला नाही अजून. कितीचा आणि कुठे?

कंदील
२ अँपिअर स्लो ब्लो. बॅटरीच्या धन टोकाला जितका चिकटवता येईल तितका, मॉस्फेटच्या आणि चार्जरच्या तारेच्याही आधी. एवढीशी बॅटरी असली तरी शॉर्ट झाल्यावर तार लाल करण्याइतका करंट ती सहज देते. आजच घाला.